प्रकाशाचे माप

फ्रान्स देशाच्या पश्चिमेस ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. त्याच्या किनाऱ्यावर, अटलांटिक महासागरात शिरलेल्या एका चिंचोळ्या भूशिरावर, ल क्रवाझिक हे लहानसे बंदर वसलेले आहे. एका बाजूस मिठागरे, दुसऱ्या बाजूस खवळता समुद्र, आणि गावात कोळी व खलाशी यांची वस्ती. या गावी १६९८ च्या फेब्रुवारी महिन्यात प्येर बुगेर याचा जन्म झाला.

प्येरचे वडील ज्याँ बुगेर हे तेथील नौकानयनशास्त्राचे राजनियुक्त अध्यापक होते. ताऱ्यांच्या उंचीवरून जहाजाचे स्थान कसे काढावे, होकायंत्राची सुई कशी वाचावी, सागराचे नकाशे कसे वापरावेत, हे सारे ते तरुण खलाशांना शिकवीत. या विषयावर त्यांनी ग्रंथही लिहिला होता. इतर मुले वाळूत खेळत त्या वयात प्येर वडिलांच्या वर्गात एका कोपऱ्यात बसून कोन, अंतरे आणि त्रिकोण यांच्या गोष्टी ऐकत असे. घरातच अशी विद्या नांदत असल्यामुळे गणित हा त्याला परका विषय कधी वाटलाच नाही. पुढे व्हान येथील जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत त्याला पाठवण्यात आले. तेथे त्याची गणितातील गती पाहून शिक्षकही थक्क होत, असे सांगतात.

परंतु हे सुखाचे दिवस फार काळ टिकले नाहीत. १७१४ साली वडील वारले. प्येर तेव्हा अवघा सोळा वर्षांचा होता. वडिलांची जागा रिकामी झाली, आणि या मुलाने त्या जागेसाठी अर्ज केला! अधिकारी मंडळी साहजिकच बिचकली. ज्याला मिसरूडही नीट फुटलेले नाही, त्याने दाढीमिशांच्या खलाशांना शिकवायचे, ही कल्पनाच त्यांना विचित्र वाटली. तथापि अर्ज सरळ फेटाळण्याऐवजी त्यांनी त्याची कसून परीक्षा घेतली. प्येर त्या परीक्षेत इतक्या उत्तम रीतीने उतरला, की त्याला नाकारण्यास काही कारणच उरले नाही. अशा रीतीने वयाच्या सोळाव्या वर्षी तो राजनियुक्त अध्यापक झाला. वशिल्यापेक्षा परीक्षेवर विश्वास ठेवणाऱ्या त्या अधिकाऱ्यांची नावे इतिहासाने जपलेली नाहीत, पण त्यांचेही थोडे श्रेय मानले पाहिजे.

त्या काळी पॅरिसची विज्ञान अकादमी, म्हणजे विद्वानांची राजमान्य सभा, वेळोवेळी एखादा कठीण प्रश्न जाहीर करीत असे व त्यावरील सर्वोत्तम निबंधास पारितोषिक देत असे. १७२७ साली प्रश्न होता, जहाजावर डोलकाठ्या कोठे व किती उंचीच्या उभाराव्यात. बुगेरला पारितोषिक मिळाले. ज्याच्या निबंधाचा सन्मानपूर्वक उल्लेख झाला, पण ज्याला पारितोषिक मात्र मिळाले नाही, तो स्पर्धक होता स्वित्झर्लंडचा वीस वर्षांचा ऑयलर. हाच ऑयलर पुढे जगातील थोर गणितज्ञांत गणला गेला. ज्या देशाला समुद्रच नाही, त्या देशातील तरुणाने डोलकाठ्यांविषयी लिहावे, ही गंमतच म्हणायची. बंदरात वाढलेल्या बुगेरला हा विषय डोळ्यांसमोरचा होता. १७२९ आणि १७३१ या वर्षांचीही पारितोषिके त्यानेच मिळवली.

मात्र ज्या कार्यामुळे आज आपण त्याची आठवण करतो, ते जहाजांविषयीचे नव्हे. ते प्रकाशाविषयीचे आहे.

लांबी मोजावयास गज असतो, वजनास तराजू असतो, काळास घड्याळ असते. पण प्रकाश कशाने मोजावा? खोलीत एक दिवा असताना दुसरा लावला, तर उजेड वाढला हे आपल्याला कळते. पण तो बरोबर दुप्पट झाला, की दीडपट, हे डोळा सांगू शकत नाही. शिवाय डोळा मोठा फसवा साक्षीदार आहे. अंधारातून आलेल्या माणसाला मिणमिणती पणतीही झगझगीत वाटते, आणि उन्हातून घरात आलेल्याला उजेडाची खोलीही काळोखी भासते. सकाळी पाहिलेला उजेड दुपारपर्यंत डोळ्याच्या लक्षात राहत नाही. अशा साक्षीदाराच्या भरवशावर शास्त्र कसे उभारावे? म्हणून बुगेरच्या पूर्वीच्या पंडितांनी प्रकाशाची दिशा, त्याचे वळणे, त्याचे रंग यांचा खोल अभ्यास केला. परंतु प्रकाश किती, या प्रश्नाला फारसा कोणी हात घातला नव्हता.

बुगेरच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. डोळ्याला कितीपट हे सांगता येत नाही. पण दोन उजेड अगदी शेजारी शेजारी ठेवले, तर ते सारखे आहेत की नाहीत, हे तो फार चांगले सांगतो. तेव्हा डोळ्याला त्याच्या आवाक्यातला तेवढाच प्रश्न विचारावा, आणि पटीचा हिशेब अंतरावर सोपवावा. मेणबत्ती दुप्पट दूर नेली, की तिचा उजेड चौथाई होतो. तिप्पट दूर नेली, की नवव्या हिश्श्यावर येतो. हा नियम विद्वानांना पूर्वीच माहीत होता. मग पातळ कागद लावलेली दोन छिद्रे शेजारी घ्यावीत. एकावर मोजावयाचा प्रकाश पडू द्यावा, दुसऱ्यावर मेणबत्तीचा. दोन्ही छिद्रे सारखी उजळ दिसेपर्यंत मेणबत्ती मागेपुढे सरकवावी, आणि मग फुटपट्टी घेऊन अंतर मोजावे. अशा रीतीने उजेडाचा प्रश्न अंतराचा प्रश्न झाला! या कामात डोळा किती चुकतो, हेही बुगेरने तपासून पाहिले. दोन उजेडांत चौसष्टाव्या हिश्श्याहून कमी फरक असेल, तर तो डोळ्याला ओळखता येत नाही, असे त्याला आढळले. आपल्या साधनाची चूक किती, हे आधी शोधून मग त्यावर विसंबणे, ही त्याची सवय लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ही युक्ती त्याने कोणत्या कामी लावली, ते पाहू. मेराँ नावाच्या एका फ्रेंच विद्वानास असा प्रश्न पडला होता, की उन्हाळ्यातील माध्यान्हीचा सूर्य आणि हिवाळ्यातील माध्यान्हीचा सूर्य, यांच्या प्रकाशात हवेमुळे किती फरक पडतो? उन्हाळ्यात सूर्य उंच असतो, तेव्हा त्याचे किरण हवेच्या थोड्या थरातून येतात. हिवाळ्यात तो क्षितिजाकडे झुकलेला असतो, तेव्हा किरणांना हवेतून तिरपी, लांबची वाट चालावी लागते. वाटेत हवा त्यांतला काही भाग गिळून टाकते. पण किती? उन्हाळ्याच्या उजेडाची हिवाळ्याच्या उजेडाशी तुलना करायची, तर मध्ये सहा महिने जातात.

बुगेरने सूर्याला सोडून चंद्राला साक्षीस बोलावले. ल क्रवाझिक येथे उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य माध्यान्ही जितका उंच येतो, आणि हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवशी जितका उंच येतो, त्या दोन्ही उंचींवरून चंद्र एकाच रात्रीत जाऊ शकतो. २३ नोव्हेंबर १७२५ च्या रात्री त्याने हा प्रयोग केला. चंद्र क्षितिजापासून सुमारे ६६ अंशांवर असताना त्याचा प्रकाश ४१ फुटांवरील चार मेणबत्त्यांच्या प्रकाशाइतका भरला. चंद्र सुमारे १९ अंशांवर असताना त्याच चार मेणबत्त्या ५० फुटांवर न्याव्या लागल्या. आता हिशेब करा. ४१ चा वर्ग १६८१ आणि ५० चा वर्ग २५००. म्हणजे उंचावरचा चंद्र खालच्या चंद्राच्या जवळजवळ दीडपट तेजस्वी होता. चार मेणबत्त्या, थोडा कागद आणि एक मोजपट्टी, एवढ्या सामग्रीवर त्या तरुणाने वातावरणाने गिळलेला प्रकाश मोजला.

सूर्य आणि चंद्र यांची तुलनाही त्याने मेणबत्तीच्या मध्यस्थीने केली. सूर्याचा प्रकाश बारीक छिद्रातून अंधाऱ्या खोलीत घेऊन, अंतर्गोल भिंगाने पसरवून, तो मेणबत्तीच्या उजेडाशी जुळेल इतका त्याने सौम्य केला, आणि चंद्राचाही तसाच मोजला. सूर्य हा पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे तीन लक्ष पट तेजस्वी आहे, असे त्याचे उत्तर आले. आजच्या यंत्रांनी हा आकडा चार लक्षांच्या आसपास भरतो. मेणबत्तीने काढलेले उत्तर इतके जवळ यावे, याचे नवल वाटते.

येथवर झाले ते मोजणे. पण बुगेरचे मन तेवढ्यावर थांबले नाही. प्रकाश हवेतून, पाण्यातून किंवा काचेतून जाताना कमी होतो, तो कोणत्या नियमाने?

एका कॅपुचिन पंथाच्या साधूने १७०० साली असे सुचवले होते, की प्रकाशाच्या वाटेत एकामागून एक काचा ठेवीत जावे, आणि किती काचांनी तो दिसेनासा होतो ते मोजावे. प्रत्येक काच सारखाच प्रकाश कमी करते, तेव्हा काचांची संख्या हेच प्रकाशाचे माप, असे त्याचे म्हणणे. ऐकताना हे सयुक्तिक वाटते. परंतु त्यात एक मोठी चूक आहे, आणि ती बुगेरने नेमकी हेरली.

समजा, एक व्यापारी शंभर रुपयांची थैली घेऊन निघाला आहे आणि त्याच्या वाटेवर दहा जकातनाके आहेत. प्रत्येक नाक्यावर दहा रुपये घ्यावेत, असा नियम असेल, तर दहाव्या नाक्यावर थैली रिकामी होईल. साधूची कल्पना अशी होती. पण नियम जर असा असेल, की ज्याच्याजवळ जे असेल त्याचा दहावा हिस्सा घ्यावा, तर काय होईल? पहिल्या नाक्यावर दहा रुपये जाऊन नव्वद उरतील. दुसऱ्यावर नव्वदाचा दशांश म्हणजे नऊ जातील आणि ८१ उरतील. तिसऱ्यावर आठ रुपये दहा पैसे जातील. दहा नाके ओलांडल्यावरही व्यापाऱ्याजवळ सुमारे ३५ रुपये शिल्लक असतील, आणि थैली पूर्ण रिकामी अशी कधी होणारच नाही. प्रकाशाचे नेमके असेच होते, असे बुगेरने दाखवून दिले. सारख्या जाडीचा प्रत्येक थर आपल्यापर्यंत पोहोचलेल्या प्रकाशाचा सारखाच हिस्सा गिळतो. सारखीच रक्कम गिळत नाही. पहिल्या काचेपाशी प्रकाश पुष्कळ असतो म्हणून ती पुष्कळ घेते. दहाव्या काचेपाशी उरलेला थोडा असतो म्हणून ती थोडेच घेते. ज्या मालिकेतील प्रत्येक पद मागील पदाच्या ठरावीक पटीत असते, तिला गणितात भूमिती श्रेढी म्हणतात. काचेचे थर एकेकाने वाढत जातात, आणि प्रकाश मात्र भूमिती श्रेढीने उतरत जातो.

हा नियम हाती आला, की एका थराचे मोजमाप करून हजार थरांचे उत्तर कागदावर काढता येते. समुद्राच्या पाण्यात सूर्यप्रकाश किती खोलवर पोहोचेल, याचाही हिशेब बुगेरने मांडला. हे सर्व विवेचन त्याने १७२९ साली एका लहानशा पुस्तकात प्रसिद्ध केले. पुस्तक छोटे होते, पण प्रकाशाचे मोजमाप करण्याचे शास्त्र त्यातून जन्मास आले. पुढील वर्षी तो ल हाव्र या मोठ्या बंदरात अध्यापक म्हणून गेला, आणि १७३१ साली विज्ञान अकादमीने त्याला आपल्यात घेतले.

आता हा तरुण प्रकाशाच्याच अभ्यासात रमून गेला असेल, असे तुम्हांस वाटेल. तसे घडले नाही. त्याच्या आयुष्याला एका दूरच्या प्रवासाने वेगळेच वळण दिले.

पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे, यावर त्या वेळी विद्वानांत मोठा वाद माजला होता. इंग्लंडच्या न्यूटनच्या मते पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी होती, नारिंगासारखी. फ्रान्सचा कॅसिनी म्हणे, ती ध्रुवांकडे लांबट आहे, लिंबासारखी. वादाचा निकाल लावण्यास एकच मार्ग होता. विषुववृत्ताजवळ एका अंशाची लांबी जमिनीवर प्रत्यक्ष मोजावी, उत्तरेकडेही मोजावी, आणि दोन्हींची तुलना करावी. त्यासाठी अकादमीने १७३५ च्या मे महिन्यात एक पथक दक्षिण अमेरिकेस रवाना केले. गोदँ, बुगेर आणि ला कोंदामीन हे त्याचे तीन प्रमुख होते. बुगेरचे वय तेव्हा ३७ होते. जावयाचे होते स्पेनच्या ताब्यातील पेरू प्रांतातील कितो या शहरी. ते आज इक्वाडोर या देशाची राजधानी आहे. वर्षभराने, १७३६ च्या जून महिन्यात, ते तेथे पोहोचले.

पुढील सात वर्षे बुगेरने अँडीज पर्वताच्या शिखरांवर आणि दऱ्यांत काढली. एका शिखरावरून दुसऱ्या शिखराकडे पाहून कोन मोजायचे, त्रिकोणाला त्रिकोण जोडीत तीनशेहून अधिक किलोमीटरांची साखळी विणायची, असे ते काम होते. पिचिंचा पर्वतावर तर त्यांना सुमारे तीन आठवडे एका झोपडीत राहावे लागले. बाहेर बर्फाचे वादळ, आत धूर. अन्न शिजले तरी तोंडात घालीपर्यंत गोठे. सर्वत्र धुके असल्यामुळे दूरची खूण दिसण्याची वाट पाहत दिवसचे दिवस जात. सोबत्यांपैकी एक जण आरंभीच तापाने दगावला. पथकाच्या शस्त्रवैद्यास एका गावातील दंगलीत प्राण गमवावे लागले. आणि हे सर्व सोशीत असतानाच युरोपातून बातमी आली, की उत्तर ध्रुवाकडील लॅपलँड प्रांतात गेलेले दुसरे पथक आपले काम आटोपून परतलेही आहे, आणि न्यूटनचे म्हणणे खरे ठरले आहे! ज्या निकालासाठी घरदार सोडले, तो निकाल दुसऱ्यांनीच लावला होता. तेव्हा सामान गुंडाळून परत फिरावे, असे कोणाच्याही मनात आले असते. परंतु एका टोकाच्या मोजमापाने भागत नाही, दुसरे टोकही तितक्याच काटेकोरपणे मोजले पाहिजे, हे जाणून त्यांनी काम सोडले नाही.

त्या पर्वतांतही बुगेरचे डोळे उघडे होते. एकदा पांबामार्का या डोंगरावर पहाटे सूर्य पाठीशी उगवला आणि समोर ढग होता. ढगावर प्रत्येकाची सावली पडली, आणि सावलीच्या मस्तकाभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत वलये दिसू लागली. मौज अशी, की ज्याला त्याला फक्त आपल्याच मस्तकाभोवतीची वलये दिसत. शेजाऱ्याच्या सावलीभोवती काहीच नाही! १७३८ साली चिंबोरासो या प्रचंड पर्वताजवळ त्याने आणखी एक प्रयोग केला. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यास ओळंबा वापरतो. एवढा मोठा पर्वत ओळंब्याला आपल्याकडे किंचित तरी ओढीत असेल काय, हे त्याने ताऱ्यांच्या साह्याने पाहिले. ओढ सापडली, पण अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी. भूगर्भाचा शोध घेणारे शास्त्रज्ञ आजही गुरुत्वाकर्षणाच्या स्थानिक फरकांना बुगेरच्याच नावाने ओळखतात.

१७४४ साली बुगेर पॅरिसला परतला. विषुववृत्तावरील अंश उत्तरेकडील अंशापेक्षा आखूड आहे, हे आता पक्के झाले होते. दुर्दैवाने विजयाबरोबर भांडणही घरी आले. बुगेर आणि ला कोंदामीन यांच्यात मोजमापांच्या श्रेयावरून उघड वाद सुरू झाला, आणि तो वर्षानुवर्षे चालला. सत्य सांगावयाचे तर बुगेरचा स्वभाव सोपा नव्हता. तो मानी होता, आणि आपले श्रेय दुसऱ्याकडे जाईल अशी शंका त्याला सतत छळीत असे. गणितात तो श्रेष्ठ होता यात संशय नाही. पण ला कोंदामीनची लेखणी गोड होती, आणि लोकांनी त्याचेच प्रवासवर्णन आवडीने वाचले. ज्या बुद्धिमंताने एवढे उजेड तोलले, त्याचा बराचसा काळ अशा वादांत खर्च व्हावा, याचे वाईट वाटते. तरीही कामाला खंड नव्हता. १७४६ साली जहाजबांधणीवरील त्याचा मोठा ग्रंथ निघाला. कलंडलेले जहाज पुन्हा सरळ होईल की उलटेल, हे ज्या बिंदूवरून ठरवता येते, तो त्यात त्याने समजावून सांगितला. १७४८ साली सूर्याचा व्यास मोजण्यासाठी त्याने एक नवे दुर्बिणयंत्र तयार केले.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत तो पुन्हा आपल्या तारुण्यातील विषयाकडे वळला. १७२९ चे लहान पुस्तक वाढवून, नवे प्रयोग घालून, त्याने मोठा ग्रंथ लिहावयास घेतला. प्रकृती ढासळत होती, तरी तो लिहीत राहिला. १५ ऑगस्ट १७५८ या दिवशी पॅरिस येथे त्याचा मृत्यू झाला. ग्रंथ छापून झालेला पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. लाकाय या ज्योतिर्विदाने हस्तलिखितावर संस्कार करून तो १७६० साली प्रसिद्ध केला.

योगायोग असा, की त्याच १७६० साली जर्मनीत याच विषयावर दुसरा थोर ग्रंथ निघाला. त्याचा कर्ता होता लँबर्ट, एका गरीब शिंप्याचा स्वतःच्या बळावर शिकलेला मुलगा. लँबर्टने बुगेरचे पहिले पुस्तक वाचले होते, आणि त्याचा उल्लेखही त्याने केला. बुगेरचा नियम त्याने गणिताच्या रेखीव भाषेत मांडला. त्यामुळे नियमाला लँबर्टचे नाव चिकटले. पुढे सुमारे ९० वर्षांनी, १८५२ साली, बॉन येथील ऑगस्ट बेअर या शास्त्रज्ञाने त्याला आणखी एक जोड दिली. ती मात्र नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यामुळेच हा नियम प्रत्येक प्रयोगशाळेत शिरला.

एका पेल्यातील पाण्यात शाईचे पाच थेंब टाका, आणि तशाच दुसऱ्या पेल्यात दहा. दुसऱ्या पेल्यातील पाणी अधिक गडद दिसते. द्रवात एखादा पदार्थ किती दाट विरघळला आहे, त्या मापाला रसायनशास्त्रात संहती म्हणतात. बेअरने रंगीत द्रावणे नळ्यांत भरून त्यांतून लाल प्रकाश पाठवला, तेव्हा त्याला आढळले, की संहती दुप्पट करणे आणि प्रकाशाची द्रावणातील वाट दुप्पट करणे, या दोहोंचा परिणाम एकच होतो. असे का व्हावे? प्रकाश गिळतात ते विरघळलेल्या पदार्थाचे कण. वाट दुप्पट झाली काय किंवा दाटी दुप्पट झाली काय, प्रकाशाला वाटेत भेटणारे कण दुप्पटच होतात. जकातनाके रस्ता लांबल्याने वाढले, की त्याच रस्त्यावर दाट बसवल्याने वाढले, व्यापाऱ्याच्या थैलीला त्याचे काय! म्हणजे बुगेरने काचेच्या थरांविषयी जे सांगितले, तेच द्रावणाच्या दाटपणालाही लागू पडले. द्रावण अतिशय दाट असेल, तर कण एकमेकांना अडथळा करू लागतात व हिशेब चुकतो. म्हणून मोजण्यापूर्वी अशी द्रावणे पातळ करून घेतात.

आता प्रकाश हाच रसायनशास्त्राचा तराजू झाला. १८५४ साली पॅरिसच्या द्युबॉस्क या कारागिराने रंग तोलण्याचे एक यंत्र बनवले. त्यात दोन काचपात्रे शेजारी असत. एकात ज्याची संहती ठाऊक आहे असे द्रावण, दुसऱ्यात ज्याची शोधावयाची आहे ते. यंत्रात डोळा लावला, की दोन्ही द्रावणांचा रंग दोन अर्धवर्तुळांत लागून दिसे. मग द्रावणांची खोली कमीजास्त करीत दोन्ही अर्धी सारखी होईपर्यंत पाहायचे, आणि खोलीच्या प्रमाणावरून संहती काढायची. मेणबत्ती मागेपुढे सरकवणारा बुगेर याहून निराळे काय करीत होता?

विसाव्या शतकात डोळ्याची जागा प्रकाशाचे विजेत रूपांतर करणाऱ्या घटाने घेतली. त्याला थकवा नाही, आणि चौसष्टाव्या हिश्श्याची अडचणही नाही. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रक्ताच्या थेंबावर रसायनाची क्रिया करून, त्यातून हिरवा प्रकाश पाठवून हिमोग्लोबिन मोजतात. पिण्याच्या पाण्यात लोह किती आहे, हेही त्यात रंग आणणारे रसायन घालून असेच ठरवतात. २०२० सालच्या महामारीत बोटाला लावण्याची एक चिमटीसारखी डबी घरोघर आली होती, ती तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. तिच्यातून लाल प्रकाश आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश, असे दोन प्रकाश बोटातून जातात. प्राणवायू घेतलेले रक्त आणि न घेतलेले रक्त हे दोन प्रकाश निरनिराळ्या प्रमाणांत गिळतात, आणि त्यावरून रक्तात प्राणवायू किती आहे याचा आकडा उमटतो.

महाविद्यालयात हा नियम बहुधा बेअर आणि लँबर्ट यांच्या नावाने शिकवतात. काही ग्रंथांत त्यांच्या आधी बुगेरचेही नाव घालतात. आपल्या श्रेयाविषयी इतका जागरूक असलेल्या त्या गृहस्थाला ते पाहून काय वाटले असते, याची कल्पना करवत नाही. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आजही मापन सुरू करताना प्रथम नुसत्या स्वच्छ पाण्याची, किंवा ज्यात पदार्थ विरघळवला आहे त्या द्रवाची, नळी यंत्रात ठेवतो, तिच्यातून येणारा प्रकाश पूर्ण शंभर धरतो, आणि त्यानंतरच तपासावयाच्या द्रावणाची नळी तिच्या जागी बसवतो.